आमच्या घरी नसलेली शेळी

आमच्या घरी शेळी कधीच नव्हती, हे आधीच सांगून मोकळी होते. कारण तिच्याविषयी आमच्या घराण्यात इतकं बोललं गेलंय की माझ्या भाच्या-पुतण्यांना विचाराल, तर ती कुठं बांधलेली असायची ते ते बोटानं दाखवतील. अंगणातल्या पश्चिमेच्या भिंतीला एक लोखंडी कडी होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती सायकलला साखळी लावायला ठोकून घेतली होती. पण मला लहानपणापासून सांगायचे, "गोदे, तुझी शेळी इथं बांधायचो आम्ही." मी जन्मले तेव्हा आईला मुदतीचा ताप आला, तिचं दूध आटलं, गाईचं दूध मला पचेना, मग दादांनी शेळी आणली आणि मी शेळीच्या दुधावर वाढले, अशी ती कथा. सुरुवातीला शेळी नुसतीच शेळी होती. मी पाच-सहा वर्षांची होईस्तोवर ती काळी झाली. पुढं तिच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटला. मला स्थळं यायला लागली तेव्हा तर ती पैठणच्या बाजारातून आणलेली, दोन्ही वेळा तांब्याभर दूध देणारी आणि फक्त आत्यालाच धार काढू देणारी झाली होती. नसलेल्या जनावराचं एवढं कौतुक मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

मला दूध पाजलं ते जैनबखालानं. शहागंजाच्या मागं आमची गल्ली होती. आमच्या आणि खालाच्या अंगणात एकच भिंत, आणि त्या भिंतीत वाकून जाण्याएवढं एक दार. त्याला आम्ही खिडकी म्हणायचो. खालाचा नवरा हिमरूच्या शाली विणायचा. मी जन्मले त्या साली तो वारला, त्याच्यामागं झालेलं तिचं बाळ आठव्या दिवशी गेलं, आणि पाच वर्षांचा नासिर तेवढा तिच्याजवळ राहिला. तिची छाती दुधानं ठणकत होती आणि भिंतीपलीकडं मी भुकेनं कोकलत होते. तर ती खिडकीतून वाकून आत आली, आईच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "भाभी, बच्ची भूकी है. इधर देव." आईनं दिलं. पुढं सहा महिने रोज देत राहिली. आत्या, म्हणजे दादांची विधवा बहीण, घरातली खरी कारभारीण. खालाचा पदर लागलेला हंडासुद्धा ती चिंचेनं घासून घ्यायची. पण माझी दुधाची वेळ झाली की ती भिंतीकडं तोंड करून जपमाळ ओढत बसायची. आपण बघितलं नाही म्हणजे ते झालंच नाही, असा तिचा सरळ न्याय होता. हे आईनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं, माझ्या पहिल्या बाळंतपणात, तेही कुजबुजत.

खालाला कुजबुजायचं माहीत नव्हतं. त्यांच्यात दुधाचं नातं रक्ताच्या नात्याएवढं पक्कं. जिनं पाजलं ती आई, तिची लेकरं ती भावंडं, त्यांच्यात लग्नसुद्धा होत नाही. गल्लीत कुणी पाहुणी आली की खाला मला पुढं ओढून म्हणायची, "ये मेरी दूध-बेटी." आणि नासिर माझा दूधभाऊ. तो मला "छोटी" म्हणायचा आणि माझ्या वेण्या मागाच्या दोऱ्यानं बांधून ठेवायचा. त्यांच्या घरात जमिनीत खड्डा करून माग बसवला होता. बाप गेल्यावर खालाच विणायची, पुढं नासिर बसायला लागला. सकाळच्या अजानीनंतर खट-खटाक सुरू व्हायचं ते दुपारी जेवायलाच थांबायचं. आमच्याकडं त्यावरच वेळ ओळखत. "माग थांबला गं, ताटं घे," असं आत्या आईला ओरडून सांगायची. म्हणजे हिचं जेवण मुसलमानाच्या मागावर चालायचं, ते चालत होतं.

ईदला खालाकडून आमच्याकडं ताट यायचं. शिजलेलं नाही, कोरडं. शेवया, खारका, चारोळी, साखर, वर विणलेला रुमाल. कोरड्याला विटाळ नसतो म्हणून आत्या ते घ्यायची आणि त्याची खीर करून पहिली वाटी स्वतःच ओरपायची. मी मात्र खिडकीतून पळून जाऊन तिकडचा शिजलेला शिरखुर्मा प्यायची. कुणाच्या लग्नात नान-खलिया झाला की खाला माझ्यासाठी एक पिवळीधमक नान फडक्यात बांधून आणायची आणि मागाशेजारी बसवून मटणाच्या खलियात बुडवून खाऊ घालायची. तो तिखटजाळ रस हनुवटीवरून ओघळायचा. ती ओढणीनं माझं तोंड पुसायची आणि हसायची, "जा अब. तेरी बकरी बुलारी तेरेकू." शेळीची गंमत तिलाही माहीत होती. तिला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. निदान तेव्हापर्यंत तरी नाही.

दादा अदालतीत पेशकार होते. मुन्सफापुढं कागद ठेवायचे, पुकारा करवायचा, निजामाच्या राज्यात सगळं उर्दूत चाले ते सगळं लिहायचं. काळी शेरवानी, लाल रुमी टोपी, तिला काळ्या रेशमाचा गोंडा. माणूस बोलायला असा मिठ्ठास की समोरचा आपलं काम झालंच समजून जिना उतरायचा, आणि खाली गेल्यावर त्याच्या ध्यानात यायचं की यांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. घरात त्यांचा एक शब्द होता, 'असो'. कुणी नको ते काढलं की दादा हसून म्हणायचे, "असो. चहा टाका." चुलत्यानं विहिरीत उडी घेतली होती, असो. गावाकडं एका कुळाचं शेत आपल्याकडं कसं आलं, असो. खाली लोडाशी बसून चहा ओतत ओतत आमच्या घरानं काय काय विसरून टाकलं, ते मांडायला बसले तर हे पुस्तक पुरायचं नाही. आणि लोक म्हणायचे, काय सालस घर आहे! कधी कुणाविषयी वाकडा शब्द नाही.

मग ते साल आलं. आमच्या घरात त्याला आजही नाव नाही. 'गडबडीचे दिवस' म्हणतात. गडबड लग्नघरात होते. रझाकारांच्या टोळ्या खेड्यापाड्यांतून फिरत होत्या, शहरातही लोक दिवसाढवळ्या दारं लावून बसायचे, आणि ह्यांची म्हणे गडबड. त्या वर्षी पंचमीला एकाही लिंबाला झोका बांधला नव्हता. तरी आईनं मला मेंदी लावली होती आणि पुरणाचे दिंड उकडायला ठेवले होते. मी चौदा वर्षांची. दोन्ही हात वर धरून बसले होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरडाओरड झाली. सात-आठ जण होते. खाकी कपडे, एकाच्या हातात बर्ची, दोघांकडं तलवारी. दोन घरं सोडून त्यांनी दार फोडलेलं ऐकू आलं. दादा उठले आणि कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं जाऊन बसले. मी त्यांना हसत नाही, माणूस भितो. पण ते तिथं बसले होते, एवढं लिहून ठेवते. आत्या देवापुढं, आई मला पोटाशी धरून माजघरात. तोवर भिंतीतल्या खिडकीतून नासिर वाकून आला, अंगाला मागावरची दोऱ्याची कुसं चिकटलेली, सरळ आमच्या ओसरीवरून पुढं गेला, दार उघडलं, बाहेर उभा राहिला आणि पाठीमागून कडी लावायला सांगितली. मी आईच्या हातातून सुटून फटीशी गेले. त्याची फक्त पाठ दिसत होती.

"ये मेरी दूध-बहन का घर है," तो म्हणाला. "मेरी माँ का दूध पीको बडी हुई वो. अंदर जाना है तो पहले मेरेकू काटो."

पुढारी होता तो दाढीवाला माणूस जरा थांबला. "कसम खाता?"

"कुरान की कसम."

तो माणूस त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं बर्चीवाल्याला हात केला आणि ते पुढच्या गल्लीत गेले. नासिर आत येऊन ओसरीवर मटकन बसला. आईनं त्याला पाणी दिलं, पितळी तांब्यातून, आमच्याच. आत्यानं ते बघितलं आणि त्या दिवशी भिंतीकडं तोंड केलं नाही. माझे मेंदीचे हात दाराला टेकून दारावर पंजे उमटले होते. ते बघून नासिर हसला, "छोटी, दरवाजा रंगा दी क्या?" दादा कणगीमागून आले आणि त्याला मिठी मारून रडले. खरं रडले.

महिना-सव्वा महिन्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत आटोपलं. आमच्या घरातलं त्याहून लवकर आटोपलं. पहिल्याच दिवशी शेरवानी ट्रंकेत गेली आणि दादांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. रुमी टोपीचा गोंडा आत्यानं कापून माझ्या वेणीला लावला, चांगलं रेशीम वाया कशाला घालवायचं म्हणून. आमच्याच काय, घरोघरी हेच चाललेलं. काल कमरेत वाकून 'आदाब अर्ज' करणारी माणसं आज छाती काढून सांगत होती की आम्ही आतून पहिल्यापासून त्यांच्या विरुद्धच होतो. आतून! आतून काय, कुणीपण काहीपण असतो.

इथं जरा थांबते. मागल्या वर्षी सप्टेंबरात क्रांती चौकातल्या एका हॉलमध्ये मुक्तिदिनाचा कार्यक्रम झाला. मला नव्वदीला टेकलेली साक्षीदार म्हणून शाल घातली आणि स्मरणिका दिली. तीत माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचा लेख. आमच्या आजोबांनी पंचमीच्या दिवशी कुऱ्हाड घेऊन दारात उभं राहून रझाकारांची टोळी परतवली, असं त्यानं लिहिलंय. सोबत चित्रही आहे. चित्रात दादांना मिशा आहेत आणि दंड केवढे! कुऱ्हाड आमच्या घरी होती, सरपणाची, पण ती त्या दिवशी परसात पडली होती. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे कुणी सांगितलं तुला?" तर म्हणतो, "आत्या, सगळ्यांना माहीत आहे." मग मी गप बसले, कारण हॉलभर लोक टाळ्या वाजवत होते आणि मला खाली उतरवायला दोघी मुली आल्या होत्या.

तर फौज आल्यावर पंधरा दिवसांनी नासिरला मागावरून उठवून नेलं. पंचमीच्या दिवशी टोळीतले काही जण रेल्वेनं लासूर स्टेशनला उतरले होते, तिकडच्या एका खेड्यात त्यांनी कडब्याच्या गंज्या पेटवल्या, त्यात एक म्हातारा जळून मेला. कुणीतरी जबाबात 'शहागंजातला नासिर' म्हणून नाव घेतलं. शहागंजात नासिर नावाची पोरं काय कमी होती? आमचा नासिर तर त्या दिवशी, टोळी परत येईल म्हणून, दिवेलागणीपर्यंत आमच्या ओसरीवर होता. पण हा सापडला, घरी बसून माग ओढत होता म्हणून सापडला. जे खरोखर गेले होते ते केव्हाच पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी खाला आमच्याकडं आली. खिडकीतून नाही, बुरखा घालून पुढच्या दारानं आली, रीतसर. ओसरीच्या कडेला बसली. "भाईसाब, नये साबकू एकीच बात बोल देव. पंचमी के दिन मेरा बच्चा तुमारे दरवाजे पे था. झूट नक्को, जादा नक्को. एकीच बात."

दादांनी तिला इतकं आदरानं वागवलं की बघत राहावं. "हाँ हाँ, जैनबबी, क्यों नहीं. नासिर तो घर का बच्चा है. बस जरा माहौल ठंडा होने दीजिए." चहा दिला. कानाच्या कपात, त्यांच्यासाठी कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या. ती गेल्यावर आई म्हणाली, "अहो, आजच जाऊन सांगा की. त्यात काय एवढं?" दादा म्हणाले, "तुला कळत नाही. मी जुन्या सरकारचा पेशकार. नव्यांची नजर आहे माझ्यावर. आणि टोळी त्याचं का ऐकली, असं विचारलं म्हणजे? त्यांच्यातलाच असेल म्हणून ऐकली म्हणतील. म्हणजे माझ्या बोलण्यानं पोरगा उलट जास्तच अडकायचा." पोराच्या भल्यासाठी पोराला सोडून द्यायचं, हे कसब दादांजवळ होतं. मग आत्यानं खरं ते बोलून टाकलं, "आणि का ऐकली ते सांगणार काय? आपल्या गोदीला त्यांचं दूध आहे म्हणून? गंगापूरची माणसं येत्या आठवड्यात सुपारी फोडायला यायलीत."

ते खरं होतं. गंगापूरचं स्थळ होतं, मोठी शेतीवाडी, आणि मेला तो म्हातारा त्यांच्याच भावकीतला. त्यांच्याकडून आधीच विचारणा झालेली, की पोरगी म्हणे कुणा तुर्कीणीच्या अंगावर पिऊन वाढली. त्यांना आत्यानं शेळी सांगितली होती, कडीसकट. आता मी बळीचा बकरा होते असं कुणी समजू नये. मुलगा मला बघायला आला होता तेव्हा मी पण फटीतून त्याला बघितलं होतं. उंच होता, त्याच्याकडं हातघड्याळ होतं, आणि त्याच्या आईनं माझ्यासाठी मोरपंखी शालू बाजूला काढून ठेवलाय असं मला कळलं होतं. मला ते लग्न हवं होतं. लई हवं होतं.

आठवडा गेला. खाला रोज पुढच्या दारानं यायची आणि दादा रोज घरी नसायचे. चौथ्या दिवशी दादा कोठीच्या खोलीत होते आणि आत्या ओसरीवर सांगत होती की भाऊ गावाला गेलाय. खालाला ते कळलं असणार, कारण ती आत बघून म्हणाली, "भाईसाब आये तो सलाम बोलना." शेवटी ती स्वतःच नव्या फौजदाराकडं गेली आणि आमची नावं सांगून आली. फौजदार पुण्याकडचा होता, तरुण, सभ्य, 'इथे-तिथे' असं स्वच्छ बोलणारा. एका सकाळी तो कारकून घेऊन जबाब घ्यायला आमच्या घरी आला, आणि मागोमाग खाला. त्यानं तिला उंबऱ्याच्या आत बसवून घेतलं. दादांनी त्याला लोड दिला, आपण चटईवर बसले.

"या बाईंचं म्हणणं आहे की पंचमीला दिवसभर त्यांचा मुलगा इथे होता. तुमच्या दारात उभा होता."

"शेजारी आहे साहेब, येत-जात असतो. चांगला मुलगा आहे, मी नाही म्हणत नाही. पण नेमका कोणता दिवस… गडबडीचे दिवस ते. मला नीट आठवत नाही."

आई आतून दाराशी आली. "अहो, पंचमीला तर…"

"वहिनी," आत्या म्हणाली, "भात लागला वाटतं. बघा बरं."

चुलीवर भात नव्हता. सकाळचे आठ वाजले होते, चूल नुसत्या चहाला पेटवलेली. आई आत्याकडं बघत राहिली, मग दादांकडं बघितलं, आणि नसलेला भात बघायला आत निघून गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. आईला मी पुष्कळ गोष्टींत माफ केलंय, पण त्या भाताचं अजून जमत नाही.

फौजदारानं कागदावर काही लिहिलं. "त्या असंही म्हणतात की या मुलीला त्यांनी लहानपणी अंगावर पाजलं. त्या नात्यामुळे मुलगा दारात उभा राहिला."

"शेळी होती आमच्याकडं!" आत्या एकदम म्हणाली. "शेळीवर वाढली ती."

"कसली शेळी?" त्यानं सहज विचारलं.

"काळी," आत्या म्हणाली, आणि त्याच दमात दादा म्हणाले, "पांढरी."

कारकुनानं मान वर केली. फौजदाराच्या ओठांवर हसू आलं. त्याला कळलं, सगळं कळलं. तो हुशार माणूस होता. पण दादांनी बशी पुढं केली, त्यानं चहा घेतला, आणि कारकुनाला म्हणाला, "शेळी, एवढंच लिहा." सभ्य माणूस. सभ्य माणसांची त्या काळात आमच्याकडं नुसती रीघ लागली होती. मग तो माझ्याकडं वळला. मी खांबाला टेकून उभी होते. "बाळ, तू सांग. पंचमीला तुमच्या दारात कोण उभं होतं?"

मला कुणी काही पढवलं नव्हतं, हे नीट लिहून ठेवते. दादा माझ्याकडं बघत नव्हते, चहाच्या बशीकडं बघत होते. आत्यानं डोळे वटारले नव्हते. फक्त खालानं नकाब वर केला होता आणि ती माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर काळजीसुद्धा नव्हती. तिला वाटत होतं, आता झालं काम, आता माझी पोरगी बोलेल. तिला तेवढी खात्री होती माझी. मला त्याची पाठ दिसत होती, कुसं चिकटलेली, 'छोटी' ऐकू येत होतं. आणि मोरपंखी शालू दिसत होता. मी म्हणाले, "मला नाय आठवत."

"काहीच नाही?"

"नाय."

किती गोड आवाजात म्हणाले मी. दादांची लेक शोभले. फौजदारानं कागद गुंडाळला, दादांना नमस्कार केला, चहा छान होता म्हणाला आणि कारकुनाला घेऊन पायऱ्या उतरला. खाला सावकाश उठली. मला वाटलं, ही आता तळतळाट देणार, केस उपटून रडणार. तशी रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ आली, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "मैं तेरेकू दूध बख्श दी, बेटी. जा, खुश रह." मग नकाब खाली घेतला आणि गेली. दादांनी उरलेला चहा बशीत ओतला. "बघा," म्हणाले, "किती समजूतदार बाई. मनात काही ठेवलं नाही हो तिनं." आत्या म्हणाली, "व्हय, माफ केलं म्हणाली, मी ऐकलं." मलासुद्धा तसंच वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

नासिरला तीन वर्षांची सजा झाली. पुढच्याच आठवड्यात दादांनी गवंडी आणून भिंतीतली खिडकी बुजवून घेतली, लग्नघर आहे, मांडवाला भिंत सलग पाहिजे म्हणून. माझं लग्न थाटात झालं. खालाला बोलावणं गेलं नाही आणि तिनं मागितलंही नाही. भिंतीपलीकडं माग बंद होता, त्यामुळं हळदीच्या दिवशी किती वाजले ते कुणाला कळेना, जेवणं उशिरा झाली. तीन वर्षांनी नासिर सुटला तेव्हा मी गंगापूरला दोन लेकरांची आई होते. माहेरी आले तेव्हा कळलं, तुरुंगात दगड फोडून त्याच्या उजव्या हाताची बोटं वाकली ती सरळ होईनात. हिमरूच्या कामाला ती बोटं उपयोगाची नव्हती. ते दोघं घर सोडून गेले. कुणी मालेगाव म्हणालं, कुणी कराची म्हणालं. मी कुणाला विचारलं नाही. गल्लीतून जाताना त्यांच्या दारावरून मी नजर न वळवता जायला शिकले, आणि ते किती पटकन जमतं याचं मला तेव्हा नवलही वाटलं नाही.

पुढं नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही पुन्हा शहरात आलो आणि मी राहिलेलं शिक्षण पुरं करून मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. मधल्या सुट्टीत मी आणि सईदाबाई शेजारी बसून डबा खायचो. ती उर्दू शिकवायची, मोकळी बाई, माझ्याच वयाची. एक दिवस, का कुणास ठाऊक, इतकी वर्षं झाल्यावर, मी तिला सहज विचारावं तसं विचारलं, "सईदाबाई, दूध बख्शणं म्हणजे काय हो? माफ करणं ना?"

"माफ करणंच," ती म्हणाली. "आई मरायला टेकली की लेकराला म्हणते. तुला पाजलेल्या दुधाचा माझा काही हक्क राहिला नाही, वर अल्लासमोर मी तुझ्यावर दावा सांगणार नाही." तिनं घास तोंडात घातला, जरा विचार केला. "पण मरायला टेकलेली नसताना, चांगल्या धडधाकट लेकराला कुणी म्हणत नाही असं. म्हटलं तर मग त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणजे, मी तुझी आई होते ते आता संपलं. तू मोकळी, मी मोकळी. त्यापेक्षा शिव्या दिलेल्या बऱ्या, नाही का? शिव्या आपल्या माणसाला देतात." ती माझ्याकडं वळली आणि तिचा हात डब्यावर तसाच राहिला. "का हो गोदाबाई? तुम्हाला कुणी म्हटलं होतं?"

"छे हो," मी म्हणाले. "कुठंतरी ऐकलं होतं. चटणी घ्या ना अजून."